उधाणाच्या दिवसांतली झोप

आमच्या खाडीवर भरतीची वेळ काढायला कोणी मोबाईल उघडत नाही. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमी असेल तर सहाला भरती, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमेला सव्वाअकराला. बंदराप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, पण होडी काढणाऱ्याला एवढा हिशेब पुरतो. चंद्र रोज उशिरा उगवतो आणि त्याच्यामागून पाणीही रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतं. सूर्याचा दिवस २४ तासांचा आणि पाण्याचा २४ तास ५० मिनिटांचा. कोळीवाड्यातली माणसं या दोन्ही दिवसांत एकाच वेळी राहतात.

मी राजपुरीच्या खाडीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातली बरीच मुलं डोलवाल्यांच्या घरची आहेत. ज्यांनी डोल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. हे भल्यामोठ्या पिशवीसारखं जाळं असतं, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं. पाण्याची ओढ त्याचं तोंड उघडं ठेवते आणि जवळा, करंदी, मांदेली, बोंबील असं सगळं त्यात वाहत येतं. ओढ चालू असताना ते उपसता येत नाही. भरती संपून ओहोटी लागण्याआधी, किंवा ओहोटी संपून भरती लागण्याआधी पाणी जरा वेळ थांबतं, तेवढ्यात हात चालवायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोराची, म्हणून मासळीही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, त्या दिवसांत पाणी मंद. तेव्हा जाळी शिवायची, इंजिन उघडायचं आणि राहिलेली झोप काढायची.

नववीतला एक मुलगा उधाणाच्या दिवसांत पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकतो. वडिलांबरोबर पहाटे डोलीवर जाऊन आलेला असतो. मी त्याला उठवत नाही. त्याचे वडील एकदा शाळेत आले होते तेव्हा मी विचारलं, घरी झोपायची वेळ काय? ते म्हणाले, "बाई, आमचा घड्याल पानी. पानी थांबला का उठायचा, पानी चालला का पडायचा." झोपेबद्दल मिळेल ते वाचायची गोडी मला या वर्गाने लावली आणि ती आता सुटेल असं वाटत नाही.

वाचायला लागल्यावर पहिली ओळख झाली ती लाजाळूच्या निमित्ताने. पावसाळ्यात आमच्या पाखाडीच्या दोन्ही अंगांना लाजाळू माजते, शाळेत येता-जाता मुलं तिला पाय लावत येतात. ती हात लावला की मिटते हे सगळ्यांना माहीत असतं, पण संध्याकाळ झाली की कोणी हात न लावताही मिटते आणि सकाळी उघडते याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. १७२९ साली फ्रान्समध्ये ज्याँ-जाक दोर्तू द मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने अशा लाजऱ्या जातीचं एक रोप अंधारात ठेवून पाहिलं. ऊन पोचत नसतानाही पानं दिवसा उघडत होती आणि संध्याकाळी मिटत होती.

हा प्रयोग आम्ही शाळेत केला. अडगळीच्या खोलीची खिडकी कांबळ्याने बंद केली आणि लाजाळूची कुंडी आत ठेवली. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद गुंडाळला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी दोन मुली श्वास रोखून आत गेल्या, कारण धक्का लागला तर सगळंच फुकट. लाल उजेडात पानांच्या जोड्या उघडलेल्या दिसल्या. अगदी बाहेरच्यासारख्या ताठ नव्हत्या, थोड्या कललेल्या होत्या, पण उघडलेल्या होत्या. तिथे सकाळ झाल्याचं त्या रोपाला कोणी सांगितलं नव्हतं. वेळ त्याच्या आतच होती.

आपल्याही आत ती असते. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. दोन्ही मिळून साधारण २०,००० पेशी. त्यांच्या आत जनुकांचं चक्र चालतं. जनुकापासून प्रथिन बनतं, ते साठत जातं, पुरेसं साठलं की आपल्याच जनुकाचं काम थांबवतं, मग हळूहळू मोडत जातं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. एका फेरीला जवळपास एक दिवस लागतो. हे चक्र फळमाश्यांमध्ये उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. माणसाच्या चक्राची नैसर्गिक लांबी १९९९ साली हार्वर्डमधल्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने मोजली, ती सरासरी २४ तास ११ मिनिटं भरली. ही वरची ११ मिनिटं सकाळचा उजेड रोज दुरुस्त करतो. डोळ्याच्या पडद्यात त्यासाठी वेगळ्या पेशी असतात. त्या चित्र पाहण्यासाठी नसतात, किती उजेड आहे एवढंच कळवण्यासाठी असतात. म्हणूनच काही अंध माणसांचंही घड्याळ सूर्याबरोबर राहतं.

आता हे आमच्या नाखव्याच्या घरात नेऊन पाहा. पाणी त्याला रोज ५० मिनिटं पुढे ढकलतं. शरीर तेवढं पुढे सरकायला तयार झालंही असतं कदाचित, पण सूर्य सोडत नाही. रोज सकाळी तो घड्याळ आपल्या जागी आणून ठेवतो. मग पंधरवड्यात असं होतं की कामाची वेळ घड्याळाच्या सगळ्या आकड्यांवरून फिरून येते आणि शरीराची रात्र मात्र होती तिथेच राहते. काही तिथींना पाणी आणि शरीर यांचं जमतं, काही तिथींना अजिबात जमत नाही.

नॅथनिएल क्लाइटमन या शिकागोच्या शास्त्रज्ञाने १९३८ साली केंटकीतल्या मॅमथ केव्ह नावाच्या गुहेत, जिथे उजेडही नाही आणि हवामानही बदलत नाही, ब्रूस रिचर्डसन या आपल्या तरुण सहकाऱ्याबरोबर महिनाभर मुक्काम केला. दोघांनी २८ तासांचा दिवस पाळला. रिचर्डसनला तो जमला. क्लाइटमन तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते, त्यांचं शरीर चोवीस तासांनाच चिकटून राहिलं. माणसामाणसांत एवढा फरक असतो. आमच्याकडेही कोणी खलाशी पडल्या पडल्या घोरतो आणि कोणी आढ्याकडे बघत उजाडेपर्यंत पडून राहतो. दुसऱ्याला गावात सरळ आळशी म्हणतात, कारण तो मग दुपारी पडवीत आडवा झालेला दिसतो. हे ऐकलं की मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

झोप नुसत्या घड्याळाने येत नाही. जागेपणी मेंदू इंधन खर्च करतो, त्या खर्चातून अडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि जितका साठेल तितकी डोळ्यांवर पेंग येते. झोपेत तो उतरतो. हा वाढत जाणारा भार आणि आतलं घड्याळ अशा दोन गोष्टी मिळून झोप ठरवतात, ही मांडणी आलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ साली केली आणि आजही ती कामाची आहे. होडीवर कोरा चहा उकळत असतो त्याचं कामही इथेच चालतं. अडेनोसिन ज्या जागी जाऊन बसायचं, त्या जागा चहातलं कॅफिन अडवून धरतं. साठलेला भार कमी होत नाही, फक्त जाणवत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. पहाटे तीनला घेतलेला चहा सकाळी आठला घरी येऊन पाठ टेकणाऱ्याच्या अंगात निम्मा शिल्लक असतो.

भार खूपच वाढला की काय होतं ते २०११ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं. उंदरांना बराच वेळ जागं ठेवलं होतं. डोळे उघडे, हालचाल चालू, मेंदूचा एकूण आलेखही जागेपणाचाच. पण मेंदूच्या सालीत बसवलेल्या बारीक तारांनी दाखवलं की काही काही पेशी मधूनच गप्प होतात, गाढ झोपेत होतात तशा, आणि पुन्हा चालू होतात. साखरेची गोळी पंजाने उचलायचं काम त्या उंदरांना दिलं होतं. पंजा हलवणाऱ्या भागातल्या पेशी ऐन वेळी अशा गप्प झाल्या की गोळी हुकायची. उंदीर जागा होता, त्याच्या मेंदूतला चिमूटभर भाग झोपला होता.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शेजारचे एक काका आठवले. उधाणाच्या शेवटच्या दिवशी दोर ओढताना त्यांचं बोट दोर आणि लाकडात सापडलं, पेर गेलं. दवाखान्यात प्रत्येकजण विचारत होता, डुलकी लागली होती का? ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "नाही हो, मी जागा होतो, मला सगळं दिसत होतं." कोणाचाच विश्वास बसला नाही. माझा बसतो. त्या क्षणी त्यांच्या मेंदूत नेमकं काय झालं ते कोणाला सांगता येणार नाही, पण जागा माणूस सगळाच्या सगळा जागा असतो असं धरून चालायला आता आधार उरलेला नाही. होडीवर दोन माणसं जास्त असती तर पाळीपाळीने पाठ टेकता आली असती. जास्तीच्या माणसाची मजुरी परवडत नाही हे मला माहीत आहे. तरी बोट गेलं ते अंगठ्याजवळचं होतं आणि आता त्यांना सुतळी धरता येत नाही.

झोप म्हणजे मेंदूने काम थांबवणं, असं फार काळ मानलं जात होतं. त्याला पहिला मोठा धक्का एका साथीने दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूज्वराचा एक विचित्र आजार पसरला. काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, काहींना झोपच येत नसे. व्हिएन्नातले डॉक्टर कॉन्स्टांटिन फॉन एकोनोमो यांनी १९१७ साली या आजाराचं वर्णन केलं. दगावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासल्यावर त्यांना दिसलं की सतत झोपणाऱ्यांमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाची मागची बाजू बिघडली आहे आणि झोप उडालेल्यांमध्ये पुढची. म्हणजे पुढच्या बाजूला काहीतरी असं आहे की जे झोप आणतं, आणि ते बिघडलं तर माणूस झोपू शकत नाही. त्यांच्या या अंदाजानंतर कितीतरी दशकांनी, १९९६ साली, उंदरांमध्ये त्या पेशी नेमक्या हाताला लागल्या. सगळा मेंदू निवांत होत असताना या पेशी कामाला लागतात आणि जागं ठेवणाऱ्या केंद्रांना गप्प करतात. झोप आपल्याला कोणीतरी करून द्यावी लागते, आणि ती करणारे हात आपल्याच डोक्यात आहेत, हे मला फार मोठं वाटतं.

झोपेच्या आतही एकच एक अवस्था नसते. आधी हलकी झोप, मग लाटा संथ आणि उंच होत जातात ती गाढ झोप, आणि साधारण दीड तासाने एक अशी अवस्था की जिच्यात मेंदूचा आलेख जवळपास जागेपणासारखा होतो, मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात आणि अंग मात्र ढिलं पडतं. क्लाइटमन यांच्याच प्रयोगशाळेत यूजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने ती पकडली. त्याने आपल्या लहान मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्र रात्र कागदावर आलेख काढले. दोघांनी १९५३ साली ते प्रसिद्ध केलं. डोळ्यांच्या त्या हालचालींवरून या झोपेला आरईएम, म्हणजे रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणतात आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त करून तिच्यातच पडतात. मोठ्या माणसाच्या झोपेतला चौथा-पाचवा हिस्सा आरईएमचा असतो, तान्ह्या बाळाच्या झोपेतला जवळपास निम्मा. बाळ झोपेत हसलं की आमच्याकडे बायका म्हणतात, सटवाई हसवते आहे. ते हसू याच झोपेतलं. आत मेंदूच्या जोडण्या घडत असतात, आणि चेहऱ्याचे स्नायू मधूनच थरथरून जातात. सटवाई म्हणा किंवा आरईएम म्हणा, त्या वेळी बाळाला उचलू नये एवढं मात्र दोन्हीकडून निघतं.

या झोपेत अंग ढिलं का पडतं, हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

बारावीच्या परीक्षेआधी मी अभ्यासाला आजोळी, श्रीवर्धनला, राहायला गेले होते. सुपारीच्या वाडीतलं जुनं घर, मागे विहीर, विहिरीकडे पिंपळ. मी माजघरात एकटी झोपायचे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचन, पहाटे पुन्हा गजर. एका पहाटे जाग आली. आढ्याची वासे-कौलं दिसत होती, परसदारी रहाटाचा आवाज ऐकू येत होता, आणि मला बोट हलवता येत नव्हतं. दाराशी कोणीतरी उभं होतं. मी मान वळवू शकत नव्हते, तरी ते उभं आहे हे मला पक्कं माहीत होतं. मग ते आत आलं आणि छातीवर बसलं. श्वास पुरेना. आजीला हाक मारायची होती आणि तोंड उघडत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकदम सगळं सुटलं आणि मी घामाने भिजून उठून बसले. माजघरात कोणी नव्हतं.

आजी सुपारी कातरत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, घाबरली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "विहिरीवरचा मुंजा असेल. उताणी झोपली होतीस ना? उताणं झोपलं की बसतो तो. कुशीवर झोपत जा, आणि जागरणं पुरे कर." हातातला अडकित्ता पुसून तिने माझ्या उशीखाली ठेवला. लोखंड असलं की तो येत नाही म्हणाली. त्या रात्री मी कुशीवर झोपले, अडकित्त्याचा टणकपणा गादीतून गालाला लागत होता, आणि मला गाढ झोप लागली.

पुढे शरीरशास्त्र शिकताना यातला शब्दन् शब्द मला उलगडत गेला. आरईएम झोपेत मेंदूच्या देठातून खाली एक आज्ञा जाते आणि मणक्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी अडवल्या जातात. तसं झालं नाही तर आपण स्वप्नं अंगाने करायला लागू. फ्रान्समधल्या मिशेल जुवे यांनी मांजरांमध्ये मेंदूच्या देठातली ती बारीकशी जागा बिघडवली, तर मांजरं झोपेतच उठून, न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालायला लागली. माणसांतही, जास्त करून उतारवयातल्या पुरुषांत, हा आजार होतो हे १९८६ साली नोंदलं गेलं. झोपेत लाथा मारतात, पलंगावरून उडी टाकतात. तो पुढे येणाऱ्या कंपवाताची आगाऊ खूण असू शकतो, म्हणून घरात असं कोणी असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं.

माझं झालं होतं ते याच्या उलट. जाग आली होती, पण अंगावरचा तो अडसर अजून निघाला नव्हता. डोळे चालतात, म्हणून खरी खोली दिसते. स्वप्न पुरतं संपलेलं नसतं, म्हणून खऱ्या खोलीत खोटं माणूस उभं राहतं. भीतीचं काम बघणारा मेंदूचा भाग या झोपेत जोरात चालू असतो, म्हणून ते माणूस कधी पाहुणं वाटत नाही, वैरीच वाटतं. आणि छाती? बरगड्यांमधले स्नायूही त्या वेळी ढिले असतात, श्वास फक्त खालच्या पडद्यावर चाललेला असतो. झोपलेल्या माणसाला तेवढा पुरतो. जागं होऊन मुद्दाम मोठा श्वास घ्यायला जावं तर छाती उचलत नाही, म्हणजे तिच्यावर कोणीतरी बसलेलं असणार! जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या गावांत म्हातारी हडळ छातीवर बसते. साधारण १०० माणसांत ८ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो, आणि विद्यार्थ्यांत २८ जणांना. मोडकी झोप, जागरण आणि उताणं झोपणं याने तो वाढतो. आजीने मुंजाचं नाव घेतलं, पण उपाय सांगितला तो कुठलाही झोपेचा डॉक्टर सांगेल तोच. अडकित्त्याने भीती गेली आणि भीती गेली म्हणून झोप सलग लागली. त्या अडकित्त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही.

पण सगळ्यांच्या आज्या अशा नसतात. दहावीतल्या एका मुलीला हेच व्हायला लागलं तेव्हा घरच्यांनी भगत बोलावायचं ठरवलं. तिला बाहेरचं झालंय असं वाडीत पसरलं आणि तिच्या बरोबरीच्या मुली तिच्याशेजारी बसेनात. मी तिच्या घरी गेले. देव-भूत हा विषयच काढला नाही. तिच्या आईला माझा माजघरातला अनुभव सांगितला, वर्गात कितीजणांना असं होत असेल तो हिशेब सांगितला आणि मुलीला सांगितलं की पुन्हा झालं तर झटापट करू नकोस. पायाचा अंगठा किंवा करंगळी, एवढंच हलवायचा प्रयत्न कर, श्वास आपोआप चाललाय तो चालू दे, मिनिट-दोन मिनिटांत सुटतं. तिची आई बराच वेळ गप्प होती. मग हळू आवाजात म्हणाली, लग्नाच्या आधी मलाही व्हायचं, मी कोणाला बोलले नाही.

जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था आणि त्यांपलीकडची चौथी तुरीय, अशी विभागणी मांडूक्य उपनिषदाने अवघ्या १२ मंत्रांत केली आहे. आपल्या परंपरेत सुषुप्तीबद्दल एक फार बारीक निरीक्षण चालत आलं आहे. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, सुखाने झोपलो, काही कळलं नाही. काहीच कळलं नाही तर सुख कोणाला कळलं? यावर वेदान्ती आणि नैयायिक शतकानुशतकं वाद घालत आले. हा प्रश्न आता प्रयोगशाळेतही पोचला आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. २००५ साली मार्चेल्लो मास्सिमिनी, जुलिओ तोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटीवरून चुंबकाचा एक छोटा ठोका मेंदूला दिला. माणूस जागा असताना तो ठोका एका भागातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या भागात पसरत गेला. गाढ झोपेत तो दिला तिथेच उमटला आणि तिथेच विरला. पेशी मेलेल्या नव्हत्या, गप्पही नव्हत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. आपलं भान बहुधा त्या बोलण्यातच असावं.

भूल ही पुन्हा वेगळीच. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर म्हणतात, आता तुम्हाला झोपवतो. ती झोप नव्हे. झोपलेल्याला हाक मारली तर तो उठतो, भुलीतल्याला सुरीने कापलं तरी कळत नाही. माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य होतं, "नेताय ना आत?" मधले दोन तास त्यांच्या आयुष्यात नव्हतेच. झोपेतून उठलेल्याला रात्र गेल्याची जाणीव असते.

हे सगळं जसजसं वाचत जाते तसतसं जाग आणि झोप यांमधली रेघ मला पुसट होत गेलेली दिसते. उधाणाला खाडीचं खारं पाणी आमच्या गावाच्या पार वरपर्यंत जातं. खारं कुठे संपलं आणि गोडं कुठे सुरू झालं हे तिथे कोणी बोट ठेवून दाखवू शकत नाही, आणि ते पाणी दर तिथीला वेगळं असतं. जागेपणात झोपेचे तुकडे, झोपेत जागेपणाचे, दोन्ही मिसळलेल्या पहाटा. चार अवस्था खऱ्याच, पण त्यांच्यामधल्या या मिसळीकडे मी जास्त ओढली जाते, कारण काकांचं बोट तिथेच गेलं आणि मुंजाही तिथेच राहतो.

डॉल्फिन तर या मिसळीतच कायमचे राहतात. खाडीच्या तोंडाशी पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन येतात, आमच्या मुलांना त्यांचं नवल नाही. डॉल्फिनला श्वासासाठी वर यावं लागतं, पूर्ण झोपून चालत नाही. १९७० च्या दशकात लेव मुखामेतोव आणि त्यांच्या सोव्हिएत सहकाऱ्यांनी बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनच्या मेंदूचे आलेख घेतले तेव्हा दिसलं, एका अर्ध्या भागात गाढ झोपेच्या संथ लाटा आणि दुसरा अर्धा जागा. काही वेळाने पाळी बदलते. आरईएम झोप मात्र डॉल्फिनमध्ये स्पष्टपणे सापडलेली नाही.

हे मी शिकवलं त्या दिवशी भांग होता आणि नववीतला तो मुलगा टक्क जागा होता. त्याने विचारलं, "बाई, मग कुठल्या अर्ध्याला कळतं, मी डॉल्फिन आहे म्हणून?" मी त्यांना रॉजर स्पेरी यांच्या रुग्णांबद्दल सांगितलं. फेफऱ्याचा आजार आटोक्यात यावा म्हणून त्या माणसांच्या मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा पट्टा शस्त्रक्रियेने कापला होता. वस्तूचं चित्र फक्त डाव्या बाजूला दाखवलं, तर ते मेंदूच्या उजव्या अर्ध्यात पोचायचं. रुग्ण तोंडाने म्हणायचा, काही दिसलं नाही, आणि त्याचा डावा हात नेमकी तीच वस्तू उचलून द्यायचा. स्पेरी यांना या कामासाठी १९८१ साली नोबेल मिळालं.

मुलगा म्हणाला, म्हणजे डॉल्फिनला दोन मनं असणार. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, नाही, मन एकच, पाळीपाळीने एकेका खोलीत जाऊन बसतं. वर्गात दोन तट पडले. मी त्या मुलीच्या बाजूला झुकले होते, कारण स्पेरींच्या रुग्णांचा पट्टा कापलेला होता आणि डॉल्फिनचा शाबूत असतो. मग मी घरी जाऊन पुस्तक काढलं. डॉल्फिनमध्ये तो पट्टा मेंदूच्या आकाराच्या मानाने बराच लहान असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलाच्या बाजूचे लोक वाढले.